निपाणीच्या दादांचा प्रश्न: गोव्यातली चोवीस फुटी शिडाची बोट घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीचे एक दादा, घरात वैनी आणि दोन पोरं, मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा नऊचा. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला शिडाच्या बोटीतून फिरून आले, सगळ्यांनाच आवडलं आणि आता स्वतःची बोट घ्यायची ठरलंय. बजेट पाच लाखापर्यंत. तिथंच एक सेकंडहँड चोवीस फुटी केबिनवाली बोट बघून ठेवलीय, आत चौघं झोपतील एवढी जागा, बारका स्टोव्ह, मालक पाच लाखाच्या आतच द्यायला तयार. रविवारी जवळच्या हिडकल धरणावर चालवायची, सुट्टी पडली की गोव्याला न्यायची. घ्यावी का?

दादा, नको. बोट वाईट असेल म्हणून नाही, मी ती बघितलेली नाही आणि कदाचित चांगलीही असेल. खरं तुम्ही जे करायचं म्हणताय त्याला ती बोट चालत नाही, आणि का चालत नाही ते नीट सांगतो, म्हणजे पुढची बोट बघताना तुम्हालाच कळेल काय बघायचं.

मी फौजेत असताना शीड धरायला शिकलो, पुढं बरीच वर्षं रेसिंगच्या डिंघ्या, म्हणजे छोट्या उघड्या शिडाच्या बोटी चालवल्या, नवीन पोरांना शिकवल्या, आणि रिटायर होऊन बेळगावला आल्यापासून बेळगाव-कोल्हापूर-गोवा पट्ट्यात कुणी बोट घेणार असला की सोबत जाऊन बघून देतो. त्यात एक गोष्ट परत परत दिसते. लोकं बोट बघून बोट घेतात. बघायचं असतं ते पाणी, आणि घरापासून त्या पाण्यापर्यंतचा रस्ता, आणि ती बोट पाण्यात ढकलायला कोण कोण येणार ते. हे तीन पक्के झाले की बोट कुठली हे जवळजवळ आपोआप ठरतं.

आता तुमच्या चोवीस फुटीचं बघू. मॉडेल तुम्ही लिहिलं नाही म्हणून याच मापाची सगळ्यांना माहीत असलेली जे/२४ उदाहरणाला घेतो. लांबी ७.३२ मीटर, वजन साधारण १४०० किलो, त्यातलं चारशेच्या वर वजन नुसत्या कीलमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटाखाली जो जड पंखा असतो त्यात. हा कील १.२२ मीटर खोल जातो. त्याच्यामुळंच ती बोट सहसा उलटत नाही आणि वाऱ्यावर ताठ उभी राहते, समुद्रात त्याचा फायदा आहेच. खरं तीच बोट घेऊन निपाणीला यायचं म्हटल्यावर काय होतं बघा. ट्रेलर धरून पावणेदोन-दोन टन माल झाला, तो आंबोली घाटातनं वर आणायचा, साध्या एसयूव्हीला बिनब्रेकचा ट्रेलर लावून हे करायचं नसतं. पुढं ट्रेलरवरनं उचलायला क्रेन, डोलकाठी उभी करायला तीन-चार माणसं आणि बराच वेळ. आणि हिडकलच्या काठावर सव्वा मीटर कील पाण्यात जाईपर्यंत ट्रेलर कुठं नेणार? तिथं सिमेंटचा उतार नाही, काळा चिखल आहे. गाडीच रुतते.

मग ती गोव्यातच ठेवायची. त्याला ना नाही, खरं त्याचा अर्थ बोट पाण्यात मुरिंगवर, म्हणजे तळाला पक्क्या केलेल्या बोयऱ्याला बांधून ठेवायची, तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात ते खरवडायचे, ते धरू नयेत म्हणून अँटीफाऊलिंग पेंट दरवर्षी, जून ते सप्टेंबर बाहेर काढून ठेवायची, त्याला परत क्रेन आणि जागेचं भाडं, आणि लक्ष ठेवायला एक माणूस. हा खर्च बोट चालवा न चालवा होतोच. निपाणीहून आजरा-आंबोली-सावंतवाडी करत चार तास जायचं, चार तास यायचं, दुकान सोडून महिन्यातनं किती वेळा होईल हे तुम्हीच सांगा. पहिल्या वर्षी हौसेनं जाल. दुसऱ्या वर्षी पोरांच्या परीक्षा, लग्नसराई, आणि बोट नुसती उन्हात बसलेली. अशा उभ्या असलेल्या बोटी गोव्यात आणि मुंबईत भरपूर आहेत आणि त्यातलीच एखादी तुम्हाला स्वस्तात मिळायलीय असं मला वाटतं.

बोट कामाप्रमाणं असते हे आपल्या भागाला तर चांगलं माहीत असायला पाहिजे. म्हादई नदी आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते, आणि तिचंच नाव घेतलेली नौदलाची आयएनएसव्ही म्हादई गोव्यात दिवाडीला बांधली, लाकडाच्या पट्ट्या आणि वर फायबर, ५६ फुटी. तिच्यावर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता. ती बोट दक्षिण महासागराच्या लाटा खायला केलेली, म्हणून तशी जड, तशी खोल, तशी मोठी. मध्य प्रदेशातली नेहा ठाकूर, शेतकऱ्याची पोरगी, समुद्र शेकडो किलोमीटर लांब, भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ च्या हांगझोऊ एशियाडला सिल्व्हर घेऊन आली, ती बोट आयएलसीए ४, चौदा फुटाच्या आतली, दोघं मिळून उचलतील अशी. दोन्ही शिडाच्याच बोटी, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आपण समुद्रापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, मध्ये घाट, जवळ धरणाचं पाणी, म्हणजे आपली गोष्ट नेहाच्या बाजूची आहे, म्हादईच्या नाही.

आता पाण्याबद्दल. हिडकलचा जलाशय मोठा आहे, ५१ टीएमसीचा, वारा मोकळा मिळतो. सगळ्यात आधी पाटबंधारे खात्याकडं लेखी अर्ज करून परवानगी घ्या, तोंडी कुणी चालतंय की म्हटलं तरी भागत नाही, उद्या अधिकारी बदलला की बोट काठावर. राकसकोप्पकडं तर बघूच नका, ते बेळगावचं पिण्याचं पाणी आहे. परवानगी झाली की ऑगस्ट-सप्टेंबरात एकदा आणि एप्रिलात एकदा असं दोनदा काठावर जाऊन या, कारण ती दोन वेगळी पाणी आहेत. पावसाळ्यानंतर पाणी रस्त्याजवळ येतं, बोट लावायला सोपं. उन्हाळ्यात काठ लांब आत सरकतो, मध्ये चिखलाचा पट्टा, आणि पाण्याखालचं सगळं वर यायला लागतं. हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उन्हाळ्यात पाण्यातनं बाहेर येतं हे तुम्हाला माहीतच असणार, लोकं दर्शनाला जातात. खरं देवळाचं शिखर दिसतं तसं बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरीचे कठडे, झाडांची बुंधं दिसत नाहीत, ती पाण्याखाली हात-दोन हातावर असतात. फिक्स कील तिथं लागला तर बोट अडकली किंवा तडकली. सेंटरबोर्डची, म्हणजे कीलच्या जागी वर-खाली होणारी फळी असलेली बोट असेल तर फळी आपटते, वर उचलली जाते, तुम्ही पुढं जाता. म्हणूनच मी म्हणतो, धरणावर चालवायची बोट म्हणजे उचलता येणारा सेंटरबोर्ड आणि वर दुमडणारं सुकाणू, यात तडजोड नाही. आणि मासेमारीवाल्यांशी आधी जाऊन बोला, कन्नडमध्ये बोला, जाळी कुठं लावतात विचारा. थर्माकोलचे तुकडे ओळीनं तरंगताना दिसले की खाली जाळं आहे. सुकाणूत जाळं अडकलं तर त्यांचंही नुकसान आणि तुमचीही बोट तिथंच, त्यामुळं लाईफ जॅकेटला एक चाकू बांधलेला असू दे.

गोव्याला सुट्टीत चालवायचं म्हणता, तेही छोट्या बोटीत होतं, किनाऱ्याजवळ आणि नदीत. ऑक्टोबर ते मे सकाळी मतलई हलका असतो, दुपारी समुद्रावरनं खारा वारा भरतो, तेव्हा नवशिक्यानं सकाळी अकरापर्यंत शिकावं आणि दुपारचा वारा बघत बसावं. पावसाळ्यात समुद्रात जायचं नावच नको.

मग काय घ्यायचं?

चौघांचं घर आहे, त्यात दोघं मोठी. माझ्या मते तुम्हाला दोन बोटी लागतात आणि दोन्ही मिळून त्या चोवीस फुटीपेक्षा कमी पैशात बसायला पाहिजेत. पहिली, चौदा फुटाच्या आसपासची दोन शिडांची उघडी डिंघी. जीपी १४ मिळाली तर उत्तम, ४.२७ मीटर लांब, हलचं, म्हणजे नुसत्या सांगाड्याचं वजन १३३ किलोच्या आसपास, आतनं ऐसपैस, हलक्या वाऱ्यात मोठी दोघं आणि पोरं असे चौघं बसतील. एंटरप्राईझ आपल्याकडं जुन्या क्लबांत आणि फौजेत बऱ्याच आहेत, निळ्या शिडांची, ४.०४ मीटर, वजनाला नव्वद-पंच्याण्णव किलो, पळायला मस्त खरं जास्त चपळ, वारा वाढला की नवीन माणसाला दम देते, आणि ती दोघांचीच बोट. वेफेअरर कुठं दिसली, ४.८२ मीटरची, तर मला पहिला फोन करा. जड आहे पण पोरंबाळं घेऊन दिवसभर फिरायला याच्यासारखी दुसरी नाही. फ्रँक डाय नावाचा इंग्रज माणूस उघड्या वेफेअररमधनं १९६३ मध्ये आइसलंडपर्यंत गेला होता. रात्री आत झोपायची हौस असेल तर बूमवरनं, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरनं ताडपत्री टाकून तंबू करतात, केबिन लागत नाही.

दुसरी बोट मुलासाठी, ऑप्टिमिस्ट. २.३६ मीटर, हल ३५ किलो, छोटा हत्तीच्या मागं फळका उघडा ठेवून बसते. नऊ वर्षाच्या पोराला हीच. वडलांच्या बोटीत पुढं बसून जिबची, म्हणजे पुढच्या बारक्या शिडाची दोरी धरणारं पोर शिकतं हळूहळू, खरं स्वतःच्या बोटीत एकटं सोडलेलं पोर दोन महिन्यात वाऱ्याशी बोलायला लागतं. पंधरा वर्षापर्यंतच्या पोरांची बोट आहे, मुलगा मोठा झाला की विकली जाते, तोटा फारसा होत नाही.

मुलगी तेराची. तिला आधी जीपीत पुढं बसवा, वर्षभरात तिचा रस बघा आणि मग आयएलसीएचा विचार करा. पूर्वी लेसर म्हणायचे तीच बोट, बरीच लोकं अजून लेसरच म्हणतात. ४.२३ मीटर, हल साठ किलोच्या आत. हिची सोय अशी की हल एकच आणि शीड तीन मापांची, ४ म्हणजे ४.७ चौरस मीटर, ६ म्हणजे पावणेसहाच्या आसपास, ७ म्हणजे ७.०६. पोरगी पन्नास-पंचावन्न किलोची असताना ४, वाढली की मास्टचा, म्हणजे डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदलून ६, आणि तुम्ही ऐंशीच्या आसपास असाल तर त्याच हलवर ७ लावून तुम्ही. आपला विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन टोकियो आणि पॅरिस दोन्ही ऑलिम्पिकला गेले ते याच बोटीवर, तो ७ वर आणि ती ६ वर. फक्त एक, ही एकट्याची बोट, कुटुंबाची नाही, आणि उलटते. उलटणं हा हिच्या शिक्षणाचाच भाग आहे.

कॅटमरान विचाराल, बरेच जण विचारतात कारण गोव्याच्या बीचवर होबी १६ दिसते. दोन हल, मध्ये जाळी, सेंटरबोर्ड नाही, वाळूत सरळ वर ओढता येते, पळते तर विचारू नका. खरं रुंदी २.४१ मीटर, चोरला घाटात समोरनं ट्रक आला की कळतं. आणि उथळ पाण्यात उलटली की मास्ट चिखलात जाऊन रुततो. पहिली बोट म्हणून नको.

आता सेकंडहँड बोट तपासायची कशी, यावर जरा वेळ घालवतो कारण नवीन बोट तुमच्या बजेटात बसत नाही. नवीन आयएलसीए परदेशातच सहा हजार युरोच्या पुढं जाते, त्यावर जहाजभाडं आणि ड्युटी. तेव्हा जुनीच घ्यायची, आणि जुनी म्हणजे क्लबकडनं. मुंबई, गोवा, हैदराबाद, बंगळूर, चेन्नईच्या क्लबांत सीझन संपला की बोटी निघतात, तिथल्या बोटमनला विचारा, कुठली बोट घासली गेलीय आणि कुठली कव्हरखाली होती हे त्याला तोंडपाठ असतं. मालकापेक्षा त्याचं ऐका.

बोट बघायला जाताना बरोबर घ्यायचं ते एवढंच: एक स्क्रूड्रायव्हर प्लास्टिकच्या मुठीचा, एक जुना सुती रुमाल, टॉर्च, घरातला वजनाचा काटा, असतील तर दोन, आणि पाण्याची बाटली.

आधी बोट पालथी करून तिचं वजन करा. दोन काट्यांवर दोन्ही टोकं ठेवायची आणि बेरीज. आयएलसीए साठच्या जागी सत्तर भरली तर आत पाणी किंवा भिजलेला फोम आहे, ते कधी पूर्ण सुकत नाही, तिथंच सोडून द्या. मग मुठीनं हल आणि डेक टकटक करत जा, चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो, जिथं थर सुटलेत किंवा आतला गाभा ओला झालाय तिथं आवाज बसका होतो. कान लावून ऐका, घाई करू नका, मालक गप्पा मारायला लागला तर त्याला जरा थांबा म्हणा. डेकवर पायानं दाबून बघा, खास करून मास्टच्या भोवती आणि जिथं माणूस बसतो तिथं, दबत असेल तर आतला गाभा गेलाय. जेलकोटवर, म्हणजे वरच्या चकचकीत थरावर बारक्या रेषा असतातच, त्याला घाबरू नका, पण एका ठिकाणाहून चांदणीसारख्या फाकलेल्या रेषा असतील तर तिथं काहीतरी आपटलंय, आणि एकाला एक लागून समांतर रेषा असतील तर तो भाग वाकतोय.

आयएलसीएला एक टेस्ट अशी आहे की ती केल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. डेकवर मास्ट बसायचं जे भोक असतं ते बाटलीनं काठोकाठ भरायचं आणि पातळीवर पेनानं खूण करायची. बाकीची बोट बघेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. परत येऊन बघा. पातळी खाली गेली असेल तर मास्ट स्टेप आतनं चिरलीय, एखाद्या जोराच्या वाऱ्यात मास्ट डेक फाडून बाहेर येणार. पाणी तसंच असेल तर टॉर्चनं तळ बघा, झिजून खड्डा पडलाय का.

जीपी किंवा एंटरप्राईझला मास्ट वायरनं ताणलेला असतो. त्या वायरवरनं रुमाल वरपासून खालपर्यंत ओढा, कुठं धागा अडकला की तिथं एक तार तुटलीय, म्हणजे ती वायर गेली. दाबून बसवलेली जी टोकं असतात तिथं गंजाचा ओघळ आणि केसासारखी चीर बघा. वायरचा काय इतिहास माहीत नसेल तर सरळ नवीन टाकायचा खर्च धरूनच भाव करा. अॅल्युमिनियमच्या मास्टला स्टीलचे रिव्हेट असतात त्याच्याभोवती पांढरी पूड सुटली असेल तर तिथं मास्ट खाल्ला जातोय. मास्ट आडवा धरून एका टोकाकडनं डोळा लावून बघा, वाकडा असला की कळतो.

शिडाला हात लावला की कळतं. नवं शीड कागदासारखं कडकडतं, जुनं लुगड्यासारखं मऊ पडतं. मऊ शीडही चालतं, शिकायला तर चालतंच, फक्त शिवण नखानं ओढून बघा, ऊन खाल्लेला दोरा चट्कन तुटतो. कापड चांगलं असून दोरा गेला असेल तर परत शिवून घेता येतं, पडदे आणि ताडपत्रीचं जाड काम करणारा कुणीही करतो, दोरा मात्र पॉलिस्टरचा यूव्हीवाला.

मागच्या फळीला, ट्रान्समला, सुकाणूच्या बिजागऱ्या असतात. सुकाणू लावून दोन्ही बाजूला जोरात हलवा. बिजागरी हलली तर स्क्रू सैल, ते काही नाही, फळीच हलली तर आतलं लाकूड कुजलंय. बिजागरी आणि पिना झिजलेल्या असतील तर आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही चांगल्या टर्नरकडं तयार होतात, बेळगावचा याबाबतीत हात धरणारं कुणी नाही. फक्त मटेरियल ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील पायजे म्हणून स्पष्ट सांगा आणि सर्टिफिकेट मागा. काही न सांगता दिलं की ३०४ वापरतात, गोड्या पाण्यात ते वर्षानुवर्षं चालतं, गोव्याच्या पाण्यात एका सीझनला डाग आणि मग चिरा.

लाकडी बोट मिळाली किंवा बांधून घ्यावीशी वाटली तर प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा शिक्का बघा, ३०३ चा, म्हणजे साधा घेऊ नका. यावर परत कधी सविस्तर लिहितो, तो विषय मोठा आहे.

कागद. बोट भारतात बांधलेली असेल तर बिल आणि आधीच्या मालकाची सही. परदेशी असेल तर कस्टमची ड्युटी भरल्याचं बिल ऑफ एंट्री बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, गोव्यात तर नक्कीच, कारण परदेशी पाहुणे फिरत येतात, बोट इथंच टाकून जातात आणि मग ती कुणीतरी कागदाशिवाय विकतो. बोटीला इंजिन लावायचं म्हटलं की आपल्या धरण-नदीत २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा लागू होतो, नोंदणी, तपासणी, सगळं. चौदा फुटीला इंजिन लागतच नाही, दोन वल्ही घ्या. आणि ट्रेलर म्हणजे आरटीओच्या दृष्टीनं वाहनच, वेल्डिंगवाल्याकडनं करून घेतला आणि जोडला असं करू नका, नोंदणीचं आधी बघा. खाऱ्या पाण्यात ट्रेलरची चाकं बुडवली तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर बेअरिंग परतीच्या घाटातच जातं.

पाच लाखाचं गणित माझ्या मते असं करा. दोन्ही बोटी मिळून तीनच्या आत. ट्रेलर आणि कव्हर, नवीन दोऱ्या, वायर यासाठी एक. राहिलेल्यातनं चौघांचं शिक्षण आणि लाईफ जॅकेटं. जॅकेटात काटकसर नको. पर्यटकांना देतात ती नारंगी ठोकळ्याची जॅकेटं घालून डिंघीत हलताच येत नाही. पोहता येणाऱ्या मोठ्यांना ५० न्यूटनची बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला मदत करणारं हलकं जॅकेट, अंगाला बसणारं; न्यूटन म्हणजे जॅकेट किती जोरानं तरंगवतं त्याचं माप. मुलाला पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं, डोकं वर धरणारं आणि दोन पायांच्या मधनं पट्टा असलेलं, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि पोर खाली. दुकानात घालून खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर मोठं होतंय. आणि पोहायला चौघांनाही लावा, बोट येईपर्यंत वेळ आहे.

शिक्षण बोटीच्या आधी. गोव्यात करंझाळेला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, सेलिंग क्लब आहेत, तिथं कोर्सची चौकशी करा आणि घरचे सगळे मिळून एक आठवडा काढा. त्यात बोट मुद्दाम उलटवून परत सरळ करायला शिकवतात, वैनींनी आणि मुलीनं ते स्वतःच्या हातानं केलेलं असायला पाहिजे, फक्त तुम्हाला येऊन चालत नाही कारण पाण्यात पडलेला माणूस तुम्हीच असाल तर? त्या आठवड्यात कुणाला खरंच आवड आहे आणि कुणाला नुसता फोटोचा उत्साह आहे तेही दिसतं, आणि त्यावर बोट बदलते. वैनींना रस नाही असं दिसलं तर जीपीऐवजी सरळ दोघं बापलेकींची एंटरप्राईझ बघू.

दोन गोष्टी आपल्या भागातल्या म्हणून वेगळ्या सांगतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. ढग काळे झाले, वारा एकदम पडला आणि गार झुळूक आली की पाच-दहा मिनिटात झोडपतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, दहा नॉटचा चौदा झाला की शिडावरचा रेटा दुप्पट, वीस झाला की चौपट, आणि वर वीज. आभाळ भरायला लागलं की काठ गाठायचा, अजून एक फेरी मारू असं नाही. दुसरं, मास्ट अॅल्युमिनियमचा असतो. काठावर मास्ट उभा करून बोट ढकलत नेताना डोक्यावर विजेच्या तारा आहेत का बघा, शेतीच्या पंपाच्या लाईनी धरणाच्या काठानं खाली लोंबत असतात. मास्ट उभा करायची जागा तारांपासून लांब ठरवून ठेवा आणि दरवेळी तिथंच करा, मुलांनाही तेच सांगून ठेवा.

त्या चोवीस फुटीच्या मालकाला नाही म्हणून कळवून टाका, ताटकळत ठेवू नका. पावसाळ्याच्या आधी क्लबवाले बोटी काढतात तेव्हा भाव बरा मिळतो, तर मार्चपासून फोन करायला लागा. कुठली जीपी किंवा एंटरप्राईझ नजरेत आली की इथंच फोटो टाका. पूर्ण बोटीचे लांबून काढलेले नकोत, मास्टच्या बुडाचा, ट्रान्समचा आतनं आणि बाहेरनं, सेंटरबोर्डच्या खाचेचा खालनं, आणि शिडाच्या मागच्या कडेची शिवण, एवढे चार-पाच जवळनं काढलेले टाका. बोट गोव्यात किंवा कोल्हापूरकडं असेल तर रविवारी मी सोबत येतो.